स्फटिकातलं पाणी

डिसेंबर लागला की नांदेडची सकाळ काही दिवस ओळखू येत नाही. एरवी आठ वाजताच डोळ्यांवर येणारं ऊन या दिवसांत अंगणात येऊन नुसतं बसून राहतं. स्कूटरच्या सीटवर दव साचतं. दूधवाल्याच्या बोलण्यातून वाफ निघते. काल मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, आणि शेजारची बारावीतली मुलगी पलीकडच्या गच्चीवर फेऱ्या मारत पाठ करत होती : एक मोल म्हणजे बावीस पॉइंट चार लिटर, एक मोल म्हणजे बावीस पॉइंट चार लिटर. तिचा सूर ऐकून माझे हात थांबले. हाच सूर माझाही होता. अर्थ न कळता पाठ केलेल्या गोष्टीला असा एक सूर लागतोच.

थंडी, कोवळं ऊन आणि रसायनशास्त्राची उदाहरणं या तीन गोष्टी माझ्या मनात कायमच्या एकत्र बांधल्या गेल्या आहेत. त्याला उमरीतला एक हिवाळा कारण आहे.

मी मूळची चाकूरकडची. दहावीला बरे मार्क पडले म्हणून घरच्यांनी मला लातूरला ठेवलं. आमच्याकडे पोरीला लातूरला शिकायला ठेवलं की अर्धं काम झालं असं समजतात. एका खोलीत चौघी, डब्यातली गार भाजी आणि सकाळी साडेसहाला क्लास. दोनशे मुलांत माझा बाक इतका मागे की फळ्यावरचा शून्य आणि सहा मला सारखेच दिसायचे. उदाहरण सुटायचं, फळा पुसला जायचा, दुसरं सुरू व्हायचं. पहिल्या महिन्यात मला मोल कळला नाही. दुसऱ्या महिन्यात, तो कळला नाही हे सांगायची लाज वाटली. तिसऱ्या महिन्यात मी वाट शोधून काढली : उदाहरणं सोडूनच द्यायची. व्याख्या, फरक, कारणे द्या, आकृत्या, एवढ्यावर माणूस पास होतो आणि चांगला पास होतो. मग बीएस्सी झाली, एमएस्सीला सेंद्रिय रसायन घेतलं, षटकोनी कड्या काढत काढत पदवी हातात आली. गणितापाशी आले की मी पान उलटायची. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

लग्नानंतर नांदेडला आले आणि उमरीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर लागले. पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची खात्री नसलेली ती नोकरी. रोज सकाळची गाडी धरायची, मुदखेडला पेरूवाल्या बायका डब्यात चढायच्या, मग दोन्ही बाजूंनी तुरीची शेतं आणि उमरी. बारावी सायन्सला चौतीस मुलं-मुली होती. ज्यांच्या घरच्यांना झेपलं त्यांची मुलं लातूरला किंवा नांदेडला गेली होती. ही राहिलेली. ती स्वतःलाही गमतीत ‘उरलेली’ म्हणायची, आणि ती गंमत मला कधी हसू आणायची नाही.

सहामाहीचे पेपर मी दिवाळीच्या सुट्टीत तपासले. व्याख्या होत्या, आकृत्या होत्या, कारणंही होती. उदाहरणांची जागा मात्र चौतीसही जणांची कोरी होती. काहींनी तिथे प्रश्नाचा क्रमांक तेवढा लिहिला होता. पुढे रिकामी जागा आणि मग थेट पुढचा प्रश्न. माझ्याच बारावीच्या उत्तरपत्रिका चौतीस वेळा माझ्यासमोर येऊन पडल्यासारख्या वाटल्या. मोलच्या पानांवरून मी स्वतःच ओल्या फरशीवरून जावं तशी टाचा उचलून गेले होते, आणि मुलं माझ्या मागोमाग आली होती. प्राचार्यांना सांगितलं तर ते म्हणाले की थिअरीवर पास होतात, ते कशाला डोक्याला ताप करून घेता. मला मनातून बरंच वाटलं.

आमचा वर्ग प्रयोगशाळेतच भरायचा. दुसऱ्या बाकावर महानंदा बसायची. चार किलोमीटरवरच्या गावातून सायकलनं यायची, शेतकऱ्याची मुलगी, बोलणं कमी. सुट्टीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहिलं की अठरा ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, आणि कोणत्याही वायूचा एक मोल शून्य अंशाला बावीस पॉइंट चार लिटर जागा घेतो. महानंदा उभी राहिली.

“मॅडम, मग अठरा ग्रॅम पाण्याची वाफ केली तर ती बावीस पॉइंट चार लिटर होईल का?”

मी हो म्हणाले.

“पण शून्य अंशाला वाफ कुठं राहती? बर्फच होईल की.”

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर येत नव्हतं. मी खडू खाली ठेवला आणि म्हणाले की हे आपल्या अभ्यासक्रमात नाही. ती “बरं” म्हणून खाली बसली आणि वहीतली ओळ तिनं खोडली. ते खोडणं मी पाहिलं. मागच्या ओट्याशी गंगाधरमामा काचनळ्या पुसत होते, त्यांनीही पाहिलं असावं.

गंगाधरमामा प्रयोगशाळेचे परिचर. दहावीपर्यंत शिकलेले, सत्तावीस वर्षं त्याच खोलीत काढलेली, येत्या मेमध्ये निवृत्त होणार. सगळी द्रावणं तेच तयार करायचे. त्यांच्याकडे एक लांबट वही होती, आधीच्या कुठल्या सरांनी लिहून दिलेली. कोणत्या द्रावणाला कोणतं रसायन किती ग्रॅम, एवढंच त्यात होतं.

दुसऱ्या दिवशी मी आधीची गाडी धरून लवकर गेले. का गेले ते मलाही नीट सांगता आलं नसतं, झोप लागली नव्हती एवढं खरं. मामा काट्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचे पांढरे खडे तोलत होते. लिटरला किती घेता, म्हणून मी विचारलं. सहा पॉइंट तीन, ते म्हणाले. सहा पॉइंट तीनच का, म्हटल्यावर त्यांचा चमचा थांबला.

“एक मोलरला एकशे सव्वीस, असं वहीत हाय. आपल्याला लागतंय शून्य पॉइंट शून्य पाच, म्हणून त्याचं निम्मं, आन् त्याचा धावा हिस्सा. तेवढा हिशेब मला येतो. पण एकशे सव्वीस कुठून आले ते मी कधी इचारलो न्हाई, आन् कुणी सांगितलं बी न्हाई.”

एक मोलर म्हणजे लिटरभर द्रावणात एक मोल; त्या एका मोलचं वजन मांडायला मी खडू घेतला. हायड्रोजनचे दोन, कार्बनचे चोवीस, ऑक्सिजनचे चौसष्ट. बेरीज नव्वद आली. पुन्हा केली, तरी नव्वदच. एमएस्सी झालेली बाई फळ्यासमोर उभी होती आणि तिची बेरीज एका वहीशी जुळत नव्हती.

“छत्तीस कमी पडून राहिले, मॅडम,” मामा हळूच म्हणाले.

छत्तीस. दोन वेळा अठरा. अठरा म्हणजे पाणी. मी बाटलीवरचं लेबल वाचलं, तिथं सूत्राच्या शेवटी एक टिंब देऊन पाण्याचे दोन रेणू लिहिलेले होते. ते टिंब मी शेकडो वेळा लिहिलं होतं, पाठही केलं होतं. पण या कोरड्या खड्यांत खरोखरचं पाणी बसलेलं आहे, आणि आपण खडे तोलतो तेव्हा ते पाणीही तोललं जातं, हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

मी तसं सांगितलं, तरी मामांचा विश्वास बसेना. मीही तो प्रयोग कधी केलेला नव्हता. चिमूटभर खडे परीक्षानळीत घालून आम्ही नळी स्पिरिटच्या दिव्यावर लांबूनच धरली. थोड्या वेळात नळीच्या वरच्या गार भागात धुकं जमलं आणि धुक्याचे थेंब झाले. कोरड्या खड्यांतून पाणी निघालं, त्याची वाफ झाली आणि वाफेचं पुन्हा पाणी झालं. मामा चष्मा कपाळावर सरकवून त्या थेंबांकडे बघत राहिले. सत्तावीस वर्षं मी पाणी तोलून राहिलो, आन् मला म्हाईत न्हाई, असं काहीसं ते पुटपुटले. माझीही शिकण्याची सात वर्षं त्या नळीत गेलेली होती.

त्याच दिवशी मी वर्गाला सांगितलं. पहिलं वाक्य मी खाली बघून बोलले, नंतर सोपं गेलं. मला उदाहरणं येत नाहीत, बारावीला असताना मी ती सोडून दिली होती, काल महानंदाच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं म्हणून मी खोटं बोलले. आता मी शिकणार आहे, तुम्हाला शिकायचं असेल तर आपण मिळून शिकू. कुणी हसेल असं वाटलं होतं, पण कुणीच हसलं नाही. महानंदानं एवढंच विचारलं, “मग उद्यापासून सकाळी लवकर यावं का?”

असा तो हिवाळा सुरू झाला.

कॉलेजच्या गच्चीवर पूर्वेकडच्या कठड्याला ऊन सगळ्यात आधी लागायचं. पावणेआठला आम्ही तिथं बसायचो. मुली शालींत, मुलं कानटोप्यांत, सगळ्यांच्या वह्या गुडघ्यांवर. फळा नव्हता. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर आम्ही खडूनं लिहायचो आणि ओल्या फडक्यानं पुसायचो. पुसलेली भिंत उन्हात बघता बघता वाळायची, ते पाणी कुठं गेलं हाही त्या दिवसांत आमच्यासाठी प्रश्न असायचा. मामा कधी पायरीवर बसायचे, कधी मुलांच्या शेजारी. चार-पाच दिवसांनी त्यांनीही एक वही आणली.

अकरावीच्या पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. पहिले दोन आठवडे उत्तरं काहीच्या बाही यायची. एका गटाच्या गणितात एका फुग्यात चार हजार किलो हवा निघाली. फुगा न्हाई, मालगाडी हाय ती, असं मामा म्हणाले आणि गच्ची हसून थकली. मग चूक शोधायची. कुणी अंशाचे केल्विन करायला विसरलेलं असायचं, कुणी ग्रॅमला मोल समजलेलं. चूक सापडली की तिचा धनी स्वतःच हात वर करायचा. चुकीची लाज संपली, त्यानंतर आमची गाडी भरधाव निघाली.

महानंदाचा प्रश्न आम्ही पुन्हा घेतला. बावीस पॉइंट चार लिटर हे शून्य अंशाचं माप, पण वाफ तर शंभर अंशाला. तापमान केल्विनमध्ये दोनशे त्र्याहत्तरावरून तीनशे त्र्याहत्तरावर गेलं तर जागा किती वाढेल? महानंदानंच भिंतीवर मांडलं. तीस पॉइंट सहा लिटर. मामांनी मोजनळीनं अठरा मिलिलिटर पाणी चहाच्या कपात ओतलं, ते कपाच्या तळाशीच राहिलं. शेजारी पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे दोन रिकामे जार आणून ठेवले आणि दुसऱ्या जारवर निम्म्याच्या जरा वर खडूनं रेघ मारली. एवढ्याचं एवढं होतं, म्हणून मुलं त्या कपाकडे आणि जारांकडे आळीपाळीनं बघत राहिली. पाणी तेच, रेणू तेवढेच, फक्त एकमेकांपासून लांब गेलेले. महानंदानं आपल्या वहीतलं ते खोडलेलं पान काढलं आणि खाली उत्तर लिहिलं.

आज ती लातूरला पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे. कधीमधी फोन करते. अजूनही बोलणं कमी, प्रश्न जास्त.

गच्चीवरून सायकलींची रांग दिसायची. थंडीत सकाळी टायर मऊ लागतात आणि दुपारी कडक होतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पंक्चरवाला हवा मारून घ्यायला सांगतो ते बरोबर आहे का, असं एकानं विचारलं. आम्ही पहाटेचे दहा अंश आणि दुपारचे पस्तीस धरून गणित केलं. दाब शंभरात आठानं उतरतो, ट्यूबमधली हवा मात्र तेवढीच असते. त्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मुलं सायकलींचे टायर दाबून दाबून बघत होती, जसं काही आपलं गणित त्यांच्या आत बसलं आहे.

संक्रांतीच्या सुमारास महानंदाच्या घरून हुरडा आला. गच्चीवर गोवऱ्यांचा लहानसा आर केला, कणसं भाजली, तळहातावर चोळली. हिरव्या गरम दाण्यांतून वाफ निघायची आणि बोटं पोळायची. त्या दिवशी एकही उदाहरण सोडवलं नाही. तरी एका मुलीनं विचारलंच, की दाण्यातलं पाणी उडून जातं तर दाणा गोड का लागतो. ते मला आजही माहीत नाही, हे मी तेव्हाही सांगितलं. तेव्हा सांगताना नजर खाली गेली नाही.

माझा स्वतःचा विजय गाडीत झाला. मुदखेडला क्रॉसिंगसाठी गाडी बराच वेळ उभी होती. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मी बाष्पाचा दाब वजा करून वायूचे मोल काढायचं एक लांबलचक उदाहरण सोडवत होते. पुस्तक पिशवीत होतं, एकदाही उघडलं नाही. उत्तर आलं. मग पुस्तक काढलं, मागचं पान उघडलं. तेच उत्तर होतं, शेवटच्या आकड्यापर्यंत. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मला बारावीचं गणित आलं होतं. मी एकटीच हसायला लागले. समोरच्या पेरूवाल्या बाईनं विचारलं की काय झालं बाई. उत्तर आलं, मी म्हणाले. “मग बरं झालं की,” ती म्हणाली आणि एक पेरू चिरून, मीठ लावून माझ्या हातावर ठेवला.

फेब्रुवारीत बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरगावाहून परीक्षक आले, वयस्क, मितभाषी, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. सकाळी सतरा आणि दुपारी सतरा अशा दोन तुकड्या होत्या. प्रयोग होता ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचा. दहा मिलिलिटर ॲसिड शंकुपात्रात घ्यायचं, त्यात थोडं सौम्य गंधकाम्ल घालायचं, वाफा दिसेपर्यंत तापवायचं, मग वरच्या ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या तोटीवाल्या काचनळीतून, जांभळं परमँगनेट थेंबाथेंबानं सोडायचं. पहिले थेंब पडतात, रंग रेंगाळतो आणि नाहीसा होतो. मग एक थेंब असा पडतो की त्याचा फिका गुलाबी रंग जात नाही. तिथं थांबायचं आणि ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. आम्ही सराव केला होता तेव्हा तो आकडा दर वेळी दहाच्या आसपास यायचा.

त्या सकाळी दहा आला नाही. मी टेबलांमधून फिरत होते. मुलं गोंधळून एकमेकांच्या ब्युरेटकडे चोरून बघत होती. कुणाचं तेरा पॉइंट नऊ, कुणाचं चौदा पॉइंट एक. पुन्हा करून पाहिलं तरी तेच. काहींच्या पेन्सिली कागदावर अधांतरी थांबल्या होत्या. महानंदानं हात वर केला. मी जवळ गेले.

“मॅडम, तीन वेळा चौदाच आलं. काय लिहू?”

दहा लिहून टाक, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. अनेकांनी अनेकांना असं सांगितलेलं असतं. माझी सगळी जुनी भीती त्या एका शब्दात होती : अपेक्षित उत्तर लिही, पान उलट, पुढे जा. परीक्षक खिडकीपाशी पाठमोरे होते. कुणाला कळलं नसतं.

“जे आलं ते लिही,” मी म्हणाले.

तिनं पेन्सिल खाली ठेवली, पेन उचललं आणि शाईनं लिहिलं : १४.०. शेजारच्या मुलीनं ते पाहिलं. मग तिच्या पलीकडच्यानं. सतरा जणांनी आपापला आकडा शाईनं लिहिला.

परीक्षकांनी कागद पाहिले आणि मला बोलावलं. ॲसिड शून्य पॉइंट शून्य पाच मोलर असेल तर दहा यायला हवं, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. परमँगनेट जुनं होऊन कमजोर झालं असेल, किंवा मुलांना प्रयोग येत नसेल. दोन्ही गोष्टी कॉलेजच्या नावावर लिहाव्या लागतील. मुलं बाहेर व्हरांड्यात उभी होती. परमँगनेट कालच ताजं केलं होतं, मी स्वतः शेजारी उभी होते. पण ते सिद्ध कसं करणार?

तेवढ्यात मामा मागून पुढे आले. परिचरानं परीक्षकाशी बोलायची रीत नव्हती. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, “सर, एक इचारू? परमँगनेट खराब झालं असतं तर आकडा कुठं बी गेला असता. बरोबर चौदाच का आला? दहाचे चौदा म्हणजे एक पॉइंट चार पट. ही पट कुठून तरी आली असंल.”

परीक्षकांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. मामा कपाटाकडे गेले. सरावात जुनी बाटली संपली होती, परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी नवी फोडली होती. तिच्यातली पावडर जरा बारीक वाटली होती, पण वहीत होतं म्हणून त्यांनी सहा पॉइंट तीनच तोललं होतं. आता त्यांनी बाटली उजेडात धरली आणि लेबलवरच्या सूत्रावरून बोट फिरवत शेवटापर्यंत नेलं. शेवटी टिंब नव्हतं. बाटली पाण्याविनाच्या ॲसिडची होती.

मामांनी खडू उचलला. सत्तावीस वर्षांत त्यांनी तो फळा रोज पुसला होता, त्यावर लिहिलं कधीच नव्हतं. त्यांनी लिहिलं : एकशे सव्वीस भागिले नव्वद. खाली भागाकार पूर्ण मांडला आणि उत्तराखाली रेघ ओढली. एक पॉइंट चार.

“हितं पाणीच न्हाई, सर. मी पाण्यासकट तोलतो तेवढं तोललो, ते सगळं ॲसिडच झालं. द्रावण शून्य पॉइंट शून्य सात मोलरचं हाय. पोरांचं बरोबर हाय. चूक माझी हाय.”

परीक्षकांनी बाटली घेतली, लेबल वाचलं, फळ्यावरचा भागाकार पाहिला. मग स्वतःच्या कागदावर काही मांडलं. बराच वेळ लागला, की मलाच तो बराच वाटला, कोण जाणे. अखेरीस ते म्हणाले, “मुलांना आत बोलवा.”

सतरा जण आत आले. परीक्षकांनी एवढंच सांगितलं की ॲसिडची तीव्रता शून्य पॉइंट शून्य सात धरा आणि शेवटचं गणित पुन्हा करा. कसं करायचं ते सांगितलं नाही, मीही तोंड उघडलं नाही. पेनं कागदावर चालू लागली. मी भिंतीला टेकून त्या सतरा माना पाहत होते. दिवाळीत याच हातांचे कोरे कागद मी तपासले होते. आता एकही पेन थांबलेलं नव्हतं. पहिला कागद महानंदाचा आला : परमँगनेट शून्य पॉइंट शून्य दोन मोलर. अगदी जसं असायला हवं तसं. दुसरा कागद, तेच. तिसरा, तेच. कुणाचं शेवटच्या घरात थोडं पुढे-मागे. परीक्षक एकेक कागद उलटत गेले, आणि सतरावा खाली ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. “आकडे खरे लिहिणारी मुलं आहेत,” ते म्हणाले. मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. रडू आलं होतं, पण ते सुखाचं होतं, हे पाणी मारताना कळलं.

दुपारच्या तुकडीसाठी नवं द्रावण लागणार होतं. बाटली तीच होती, दुसरी आणायला वेळ नव्हता. मामा काट्यापाशी गेले. वही त्यांनी उघडली नाही. हाताच्या पंजावर पेनानं मांडलं : नव्वद, त्याचं निम्मं, त्याचा दहावा हिस्सा. चार पॉइंट पाच. मग चिमटीनं शेवटचे कण टाकत काटा स्थिर होईपर्यंत थांबले, पाणी घातलं, लिटरच्या खुणेवर नजर समपातळीत आणायला गुडघे वाकवले. परीक्षक हातात चहाचा कप घेऊन बाजूला उभे राहून बघत होते. त्यांनी मधे काही सांगितलं नाही.

दुपारची तुकडी बसली. सतरा पात्रांतून वाफा उठल्या, वरून जांभळे थेंब पडू लागले. मामा ओट्याशी उभे होते, दोन्ही हात मागे बांधून. पहिल्या टेबलावर गुलाबी रंग टिकला. मुलानं आकडा वाचला आणि लिहिला. मामा मान लांब करून बघून आले. मग दुसऱ्या टेबलाशी, मग तिसऱ्या. असे ते रांगेच्या शेवटपर्यंत गेले आणि परत आले तेव्हा त्यांची पावलं जमिनीला लागत नव्हती.

“दहा,” ते माझ्याजवळ येऊन म्हणाले. “सगळ्याचं दहा.”

मी काही म्हणणार, तोच ते ओट्यावरच्या त्या लिटरच्या बाटलीकडे बघत पुन्हा बोलले, अगदी हळू, परीक्षेत बोलू नये म्हणून.

“इतके वर्सं मी नुसतं कालवत होतो, मॅडम. द्रावण आज बनवलो.”